तुम्ही रविवारी कार्बोरेटर उघडला नाहीत

एझराकाका, तुमचे हात स्वच्छ होते हे काकूंनी मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तुमच्या यहुदी रीतीप्रमाणे सात दिवस खालीच बसायचं म्हणून त्या चटईवर बसल्या होत्या, आणि मी आत येऊन दाराशीच उभा होतो. "आंघोळ घालणारे सांगत होते," त्या म्हणाल्या. "नखांत पण काळं नव्हतं. गाडी घेऊन निघालेला माणूस, आणि हात कसे, तर लग्नाला निघाल्यासारखे." तुमच्या हातांबद्दल असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मला मात्र ते ऐकून एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ हलकं वाटल्याची लाज वाटली. का, ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

त्या गुरुवारी दुपारी तुम्ही माझी मोटरसायकल घेऊन पेणहून रोह्याला यायला निघालात आणि गडबपाशी, रस्त्याकडेच्या चिंचेखाली, बसल्या जागी गेलात. गाडी मेन स्टँडवर होती. चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं, कुणाला करायला लावलं नाही. मला ते पटत नव्हतं. कारण त्या गाडीच्या कार्बोरेटरला शेवटचा हात माझा लागला होता, आणि तो रागाचा हात होता. पेट्रोल ज्यातून जातं त्या पितळी जेटच्या भोकात तांब्याच्या तारेचा तुकडा मोडून राहिलाय, हे जगात मला एकट्याला माहीत होतं. म्हणजे गाडी वाटेत गुदमरली असणार, तुम्ही मे महिन्याच्या भर उन्हात किकवर किक मारत राहिला असणार, आणि पुढचं मला धड मनातही आणवत नव्हतं.

पण हात स्वच्छ होते. तुमच्यासारखा माणूस बंद पडलेली गाडी न उघडता नुसता बसणं शक्य नाही. हात स्वच्छ, म्हणजे गाडी उघडली नाही. उघडली नाही, म्हणजे ती बंद पडलीच नव्हती. तुम्हाला कसंसं झालं, तुम्ही नीट गाडी लावलीत आणि सावलीला बसलात. पुढचे आठ दिवस मी हा हिशोब पुन्हा पुन्हा मांडत होतो आणि दर वेळी तो बरोबर येत होता.

आपली ओळख त्याच चिंचेने करून दिली, आठवतं ना? मी रोह्याला गुरांच्या दवाखान्यात नव्याने लागलो होतो. गावोगाव हिंडायचं म्हणून जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली होती. दर शनिवारी कामासाठी पेणला यायचं, ताईकडे मुक्काम करायचा आणि सोमवारी सकाळी परतायचं. शुक्रवारी रोह्यात टाकी गच्च भरायचो. शनिवारी नागोठणं मागे पडायचं, आणि चिंच दिसायला लागली की गाडी आचके देत बंद. पाव तास उभं राहिलं की आपोआप चालू. लागोपाठ तीन शनिवार असं झालं. चिंचेखाली चहाची टपरी आहे, तिथल्या मावशी मला म्हणाल्या, "इथं कितीजणांच्या गाड्या थांबतात. विचारू नका काय ते." मी शास्त्र शिकलेला माणूस, पण चौथ्या शनिवारी त्या झाडाला हात जोडून पुढे आलो. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

तुम्ही ताईचे शेजारी. सरकारी खात्यात जीप चालवून निवृत्त झालेले. त्या दिवशी पांढरा शर्ट घालून, दोन्ही हात पाठीमागे बांधून अंगणात उभे होतात. मी पाना पुढे केला तर तुम्ही एक पाऊल मागे सरलात. "आज शनिवार. आज माझे हात सुट्टीवर. तोंड नाय. तू कर, मी सांगतो." मग म्हणालात, "टाकीचं झाकण उघड. हळू."

मी झाकण फिरवलं आणि आतून लांब, थकलेला उसासा आला. माझ्या अंगावर काटा आला होता, हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही.

"ऐकलास? झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलंय. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत जायला पायजे. टाकी भरून झाकण दाबून लावतोस, थोडा वेळ चालते, मग आत ओढ बसते आणि पेट्रोल यायचं थांबतं. उभा राहिलास की कुठून तरी जरा हवा शिरते, की परत चालू." मी टाचणीने भोक मोकळं केलं. चिखलाचा एक कण निघाला, बास. तीन शनिवारांचं भूत तेवढंच होतं.

"म्हणजे झाडाचं काही नाही," मी म्हणालो.

"भूत नाय, हवा हाय," तुम्ही म्हणालात. मग जरा थांबून, "पण बरोबर चिंचेपाशीच का, ते मला इचारू नको."

त्यानंतर सहा वर्षं माझे शनिवार तुमच्या अंगणात गेले. बिघाड असो वा नसो. प्लग काढायचा, त्याच्या टोकावरचा रंग बघायचा. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त पडतंय, पांढरा फटक असेल तर गाडी तापतेय, चहासारखा तांबूस असेल तर गप्प परत लावायचा. पॉलिशपेपर हलक्या हाताने मारायचा, जोर दाखवायचा नाही. चेन मधोमध बोटाने दाबून बघायची, बोटभर हलली पाहिजे. घट्ट केली की लोक खूश होतात आणि चेन तुटते. क्लचची केबल कडक झाली तर वरच्या टोकाला जाड कागदाचं नरसाळं बांधून त्यात थेंब थेंब ऑइल सोडायचं आणि ते स्वतःहून खाली उतरेपर्यंत दुसरं काम करायचं. हे दुसरं काम करणं मला कधी जमलं नाही. मी केबल हलवत बसायचो. "घाईचा हात हाय तुझा," तुम्ही म्हणायचात. "गुरांचं कसं करतोस कोण जाणे."

शनिवारी नुसतं सांगणं तरी चालतं का, यावर तुमचं आणि काकूंचं भांडण कधी मिटलं नाही. काकू म्हणायच्या, सांगणं हे पण कामच आहे, हात याचे वापरले म्हणून काय झालं. तुम्ही म्हणायचात, मी काम सांगत नाही, गप्पा मारतोय, आता पोरगं गप्पा ऐकता ऐकता नट फिरवतंय त्याला मी काय करू. आठवड्याचे बाकी दिवस तुम्ही दंडापर्यंत काळे असायचात, शेजारपाजारच्या गाड्या उघडून बसलेले. स्वतःची गाडी तुमच्याकडे कधीच नव्हती, हे सांगून लोकांना पटायचं नाही. आणि रविवारी काय करायचात ते मला माहीत होतं, काका. रविवारी सकाळी मी ताईकडे झोपलेला असताना तुम्ही माझं शनिवारचं सगळं काम पुन्हा उघडायचात, तपासायचात आणि पुन्हा लावायचात. सोमवारी गाडीचा आवाजच वेगळा यायचा. आपण दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

खांबची गोष्ट आपण बोललो होतो. मी कोलाडकडून येत होतो, खांबपाशी क्लचची केबल तुटली. सकाळचे अकरा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबरावर पाण्यासारखं काहीतरी हलतंय. मी खाली बसून तुटलेलं टोक बघत होतो, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "सोड ते. न्यूट्रलवर चालू कर, पळव, उडी मारून बस आणि गिअर टाक. झटका बसंल, घाबरू नको. मधे थांबू नको." मी "हो" म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मागे वळलो तर कोणी नाही. सांगितलं तसं केलं आणि एकदाही न थांबता पेणला आलो. भीती घरी पोचल्यावर वाटली.

तुम्हाला सांगितलं, तर तुम्हाला काहीच नवल वाटलं नाही. "किती वाजता?" म्हणालात. मी म्हटलं, अकराला. तुम्ही काकूंकडे बघितलंत. काकू तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "व्हय, तेव्हा हे इथं खुर्चीत बसून एकटेच बडबडत होते. मी म्हटलं पण, कोणाला सांगताय?" तुम्ही हात झटकलात आणि विषय बदललात. मला त्या दिवसापासून तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला जरा जड जातं. आता तर ती रिकामीच असते.

शेवटच्या शनिवारबद्दल मी इतके दिवस कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी जोरात नेली की अडखळत होती. कार्बोरेटर साफ करायचं ठरलं. मी त्याच्या तळाचा बाऊल काढला, जेट काढला, फडक्यावर मांडला. तुम्ही हात मागे बांधून उभे होतात. या कामातली पहिली सूचना मला पाठ होती: जेटच्या भोकात तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत सुटते. नुसती फुंकर मारायची, नाहीच निघालं तर खराट्याचा हीर घ्यायचा, तोही हळू. तुम्ही ती सूचना त्या दिवशी दिलीच नाहीत. त्याऐवजी म्हणालात, "कागद आले, सदा. पावसाळ्यानंतर आम्ही दोघं पण निघू."

तुमची दोन्ही मुलं इस्रायलला जाऊन किती वर्षं झाली होती. तुमच्यातल्या एकेका घराला कुलूप लागलेलं मी ताईच्या ओट्यावरून बघितलं होतं. तरी तुम्ही जाल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सहा वर्षं आपण यावर वाद घालत आलो होतो आणि दर वेळी मी जिंकत होतो. तिथे आंबोळी कोण देणार, तिथे तुमची मराठी कोण ऐकणार, तिथे भाताच्या शेतावरून येणारा वारा कुठला. तुम्ही हसून सोडून द्यायचात, मला वाटायचं पटलं. "तिथं शनिवारी कोणीच हात लावत नाय म्हणे," तुम्ही म्हणालात. "म्हणजे तिथं मला कोण इचारणार?" ही थट्टा होती. मला त्यावर हसायला पाहिजे होतं.

मी तुमच्याकडे पाठ केली, ओट्यावरच्या जुन्या वायरीतली एक तार ओढून काढली आणि जेटमध्ये खुपसली. मुद्दाम. तुम्ही नको म्हणाला होतात म्हणून. चार वेळा खुपसली आणि पाचव्या वेळी ती बाहेर आली तेव्हा आखूड होती. मी ते बघितलं. तुम्ही आकाशाकडे बघत होतात. मी काही न बोलता जेट लावला, बाऊल चढवला, स्क्रू आवळले आणि म्हणालो, "मला आज परत जायचंय. एसटीने जातो, गाडी राहू दे इथे." चहा पण घेतला नाही. एसटीत बसल्यावर राग उतरला, पण उतरून मागे फिरावं एवढा उतरला नाही. मनात म्हटलं, उद्या रविवार आहे. म्हातारा उघडेलच. तुकडा सापडेल, मला शिव्या घालेल, आणि गाडी होईल नीट. माझ्या मूर्खपणाची सोय मी तुमच्या रविवारवर लावून ठेवली होती.

गुरुवारी दिवसभर मी रोह्याजवळच्या एका गावात गुरांना लस टोचत होतो. संध्याकाळी दवाखान्यात ताईचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला नेताना प्रार्थनेसाठी तुमच्यातले दहा पुरुष लागणार होते आणि पेणमध्ये दहा भरत नव्हते. अलिबागकडून माणसं यायची होती. सगळे उन्हात थांबलो होतो. एक वयस्क गृहस्थ बोटावर मोजत होते, आठापर्यंत यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. माझ्यापाशी आले की बोट न उचलता पुढे जायचे. मी तिथेच उभा होतो, पण तुमच्यातला नाही म्हणून मोजणीत बसत नव्हतो. तुम्ही असतात तर यावर काहीतरी चावट बोलला असतात.

मग तिसऱ्या दिवशी काकूंनी हातांचं सांगितलं, आणि मी सुटल्यासारखा झालो. रोज जाऊन बसायचो. लोक डबे आणून ठेवायचे. काकू रडत नव्हत्या. एकदा अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "रोज चारला गाडी येते. वळणावर गिअर पाडल्याचा आवाज, मग अंगणात बंद केल्याचा. मी सवयीनं उठून दार उघडते." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. त्या म्हणाल्या, "तुझ्या गाडीचा आवाज मला कळत नाय व्हय?" गाडी तर तेव्हा गडबला होती. पंचनामा करून पोलिसांनी ती टपरीच्या मागे लावली होती आणि मला घेऊन जा म्हणून निरोप दिला होता. मी जात नव्हतो. ताईला विचारलं, तर तीही मान खाली घालून म्हणाली, "मी पण ऐकलाय. मला वाटलं तू आलास."

दहाव्या दिवशी मी काकूंना विचारलं. विचारायला नको होतं. मला फक्त खात्री करून घ्यायची होती. "काका रविवारी गाडी उघडून बसले असतील ना? नेहमीसारखे?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला ठाऊक होतं व्हय ते? नाय रे. त्या रविवारी नाय उघडली. मीच म्हटलं, आज नाय बसलात गाडीपाशी? तर म्हणाले, नको, आता त्याचा हात बसला. उघडून बघायची काय गरज नाय." मग त्यांनी पदराने डोळे पुसले, पहिल्यांदाच. "आणि बुधवारी म्हणाले, पोरगं रुसलंय, उद्या गाडी नेऊन देतो आणि राग काढून येतो."

सहा वर्षांत तुम्ही एकाच रविवारी माझ्यावर विश्वास ठेवलात, काका, आणि नेमका तो रविवार हा.

तेव्हा मला गडबला जाणं भाग होतं. गाडी किक मारून बघायची. चालू झाली आणि नीट ओढायला लागली, तर तुकडा आपोआप निघून गेला असणार, ती बंद पडली नसणार, आणि तुम्ही माझ्यामुळे उन्हात उभे राहिला नसणार. अडखळली, तर मग जन्मभर ते माझ्यापाशी राहणार. इतकं सोपं होतं ते. अकराव्या दिवशी, म्हणजे काल, एसटीने दुपारी बाराला उतरलो. धरमतरच्या बाजूने खारा वारा येत होता आणि ऊन इतकं पांढरं होतं की रस्त्यापलीकडची शेतं दिसतच नव्हती. टपरीवाल्या मावशींनी मला बघितलं आणि विचारलं, "आज एकटेच?"

मी नेहमी एकटाच येतो, असं काहीतरी म्हणालो आणि मागे गेलो. गाडीवर गोणपाट टाकलेलं होतं. कॉक उघडला, पेट्रोल उतरेपर्यंत थांबलो. किक मारली. पहिल्या किकला लागली, काका. मी ओरडलोच. मग ती रस्त्यावर आणली आणि नागोठण्याच्या दिशेने जोरात सोडली. एक आचका नाही. इतकी मऊ ती माझ्या हाताखाली कधी चाललेली नव्हती. मैलभर जाऊन परत फिरलो आणि परत येताना रडत होतो, आनंदाने. सुटलो म्हणून.

चिंचेखाली गाडी बंद केली, आणि मग मला तिचा आवाज आठवला. तो आवाज माझ्या हातचा नव्हता. तो सोमवारचा आवाज होता.

हत्यारं डिकीत होती. मी तिथेच उकिडवा बसून बाऊल उतरवला. तो लावताना चौथा स्क्रू मी रागाने वाकडा धरला होता, तो सरळ बसवलेला होता. जेट काढून उन्हाकडे धरला. आरपार गोल उजेड दिसला. तारेचा तुकडा नव्हता. तो बाऊलच्या तळाशी असेल म्हणून बघितलं, तिथेही नव्हता. बाऊल आतून पुसलेला होता. काकू म्हणाल्या रविवारी उघडली नाही, तर मग तो उघडला इथेच. म्हणजे गाडी बंद पडली होती. आणि तुमचे हात तर स्वच्छ होते.

मावशी चहा घेऊन माझ्यामागे उभ्या होत्या. "परत बिघडली व्हय?"

"परत म्हणजे?"

"त्या दिशी केलात की तुम्हीच नीट. ते बाबा इथं उभे व्हते, असे हात मागं बांधून, आणि तुम्ही आता बसलाय तसेच बसला व्हता."

मी म्हटलं, मावशी, मी त्या दिवशी रोह्याकडे होतो, अख्ख्या गावाने मला बघितलंय. त्यांनी वाद घातला नाही, फक्त जरा मागे सरकल्या. "मी दोन चहा केले," त्या म्हणाल्या. "बाबांनी एक घेतला. दुसरा तुमच्यापाशी ठेवला, तो तसाच निवला. तुम्ही पाठमोरे व्हता, पण एकदा वळलात तेव्हा मी तोंड बघितलंय. पोलिसांनी इचारलं तेव्हा मी सांगितलं, दोघं व्हते. ते म्हणाले, म्हातारे, उन्हानं तुला दिसलं असंल."

कुणीतरी जाणारा-येणारा थांबला असेल. रस्त्यावर एकमेकांसाठी थांबतातच लोक. तुम्ही हात मागे बांधून त्याला सांगत गेला असाल, डावा हात तेव्हाच दुखायला लागला असेल म्हणून तो मागे धरला असेल, आणि तो माणूस काम उरकून निघून गेला असेल. मी काल संध्याकाळपासून स्वतःला हेच सांगतोय. त्या दुपारी माझ्या हाताला पेट्रोलचा वास येत होता का, तेही आठवून बघतोय. गुरांच्या गोठ्यात दिवस काढल्यावर हाताला कसला वास येतो ते काय कळणार.

पण मग मी मावशींना विचारलं, "बाबा काय बोलत होते?"

त्या म्हणाल्या, "सांगत व्हते की. हे सोड, ते काढ. मग म्हणाले, तार हाय ना आत? काढ हळू. मला काय कळत नाय व्हय? आणि हसले. म्हणाले, एवढा राग आला तुला?"

"आणि मी काय म्हणालो?"

मी असं विचारलं, काका. मी काय म्हणालो, असं. मावशींनाही ते विचित्र वाटलं नाही.

"तुम्ही काय बोलला नाय. मान खाली घालून बसलात. बाबांनी दोनदा इचारलं. मग म्हणाले, बरं राहू दे, किक मार. गाडी लागली. ते म्हणाले, आता बंद कर, स्टँडला लाव, मी जरा टेकतो. मी आत भाकऱ्या थापायला गेले. बाहेर येऊन बघते तर तुम्ही नाय, आणि बाबा झाडाला टेकून बसलेले."

म्हणजे मी सुटलो नाही. गाडी बंद पडली आणि ती माझ्या तारेनेच बंद पडली. उन्हात तुम्हाला मीच उभं केलं, हे आता माझ्यापाशी राहणार आणि ते कुणी काढून घ्यावं असं मला वाटतही नाही. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही हसलात, यासाठी तुमचे उपकार कसे मानायचे ते मला समजत नाही. तुम्ही शिकवलेलं सगळं माझ्या हातात आहे. नुसतं बोलून तुम्ही ते माझ्या हातात घातलंत. फक्त तोंडाने बोलायचं तेवढं मला शिकवायचं राहिलं.

काल गाडी पेणला आणली. वळणावर गिअर पाडला, अंगणात बंद केली. चार वाजले होते. काकूंनी दार उघडलं, मला बघितलं आणि आत पाणी आणायला गेल्या. मी तुमच्या खुर्चीसमोर ओट्यावर बसलो.

एझराकाका, तुम्ही दोनदा विचारलंत आणि ज्याला विचारलंत तो गप्प बसला. तो मी असेन तर शनिवारीही तसाच गप्प बसलो होतो. हो, आला होता राग. खूप आला होता. तुम्ही जाऊ नका, असं मला म्हणायचं होतं.